पौषात बदललेली कुंडी

आबासाहेबांना झाडातलं कळत नाही असं म्हणायची छाती कर्जत तालुक्यात कुणाची नव्हती. डाळिंबाला ताण किती द्यायचा, म्हणजे बहर धरण्याआधी पाणी किती दिवस तोडायचं, पानगळ कधी करायची, मुळं कधी उघडी करायची, हे विचारायला लोक मोटारसायकली घेऊन त्यांच्या वस्तीवर यायचे आणि चहा पिऊन, माना डोलवत परत जायचे. आबा एक मुळी उकरून बघायचे आणि झाडाचं मागचं-पुढचं सांगायचे. मानाची इतकी सवय झालेल्या माणसाला आपल्याला एखाद्या गोष्टीतलं काहीच कळत नाही, हे उमगायला उशीर लागतो. आबांना ते सत्तरीच्या उंबरठ्यावर उमगलं, आणि तेही हातभर उंचीच्या एका झाडापायी.

ते झाड सुरूचं. आबांच्या सुनेचं, पंकजाचं. लग्न होऊन आली तेव्हा राजूरच्या रोपवाटिकेतून काडीएवढं रोप घेऊन आली होती, आणि नऊ वर्षं एका पसरट कुंडीत तिनं ते असं वाढवलं की खोड मनगटाएवढं झालं, साल भेगाळली, फांद्या वाऱ्यानं एका बाजूला लोटल्यासारख्या झुकल्या. उंची मात्र हातभरच. त्याच्या शेजारी तिचा बॉटलब्रश, सिल्व्हर ओक, एक बुटकी निलगिरी. सगळी मूळची परमुलखातली, म्हणून आबा त्यांना ‘ऑस्ट्रेलियाची पावनी मंडळी’ म्हणायचे. चेष्टेनंच म्हणायचे, पण पंकजाला ती चेष्टा कधी आवडली नाही, आणि आबांच्या ते कधी ध्यानात आलं नाही.

आबांची बायको झुंबरबाई जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा कल्याण शिर्डीच्या एका हॉटेलात देखभालीचं काम बघायचा आणि सुट्टीपुरता यायचा. त्यामुळं वस्तीवर एरवी दोघंच, आबा आणि पंकजा. सकाळचा चहा तीच आणून द्यायची, बीपीची गोळी तीच हातावर ठेवायची, आणि आबा बागेतून यायला उशीर झाला की बांधावर येऊन हाक मारणारीही तीच. आबांना वाटायचं, हे असंच असतं.

बिघडलं ते दिवाळीनंतर. आबांचे जुने स्नेही काकासाहेब श्रीगोंद्याहून आले. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांचं लक्ष सुरूकडं गेलं. “काय झाड हाय राव,” ते म्हणाले. घरी आलेल्या माणसानं एखादी वस्तू वाखाणली की ती त्याच्या गाडीत घालायची, ही आबांची जन्माची खोड. बोकड दिला होता, घोंगडी दिली होती, एकदा तर चालू रेडिओ काढून दिला होता. त्यांनी कुंडी उचलली आणि काकासाहेबांच्या गाडीत नेऊन ठेवली. पंकजा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तिनं बघितलं, ट्रे खाली ठेवला, गाडीचं दार उघडलं आणि कुंडी काढून परत जागेवर आणून ठेवली. काकासाहेबांना चहा गिळवेना.

“या घरात तुझं-माझं कवापास्नं सुरू झालं?” पाहुणा गेल्यावर आबांनी विचारलं.

“आजपासून,” पंकजा म्हणाली.

पुढं दोघं कामापुरतंच बोलत राहिली. मार्गशीर्षात आईच्या गुडघ्यांचं कारण सांगून ती राजूरला माहेरी गेली. जाताना म्हणाली, “सुरूला रोज पाणी तेवढं घाला, आबा. बाकी काही करू नका.”

ती गेली आणि घर भकास झालं. आबा स्वतःच चहा करायचे, तो कधी पांचट व्हायचा, कधी कडू. आपलं चुकलं हे त्यांना काकासाहेबांची गाडी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आधीच कळलं होतं. पण सुनेला ‘चुकलं’ म्हणायचं कसं, याचा त्यांना सराव नव्हता. झुंबरबाईलाही कधी म्हणाले नव्हते. फोनवर ते हवापाण्याचं बोलायचे, ती हूं-हूं करायची, आणि कधी येणार हे विचारायचं राहून जायचं. ती आता येतच नाही की काय, ही भीती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही, पण ती छातीवर बसलेली होती.

पौषात बागेची पानगळ झाली तेव्हा त्यांना एक गोष्ट सुचली. सुरूच्या कुंडीच्या बुडातून मुळ्या बाहेर आल्या होत्या. “याची कुंडी बदलायला आलीय,” असं पंकजा दिवाळीत म्हणाली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मग आपणच बदलू. डाळिंबाचा करतो तसा रीतसर, साग्रसंगीत सोहळा करू. ती येईल, बघेल, आणि आपल्याला जे बोलता येत नाही ते तिला न बोलताच कळेल. विचार वाईट नव्हता. माणूस प्रेमानं जेव्हा चुकतो तेव्हा फार मन लावून चुकतो.

त्यांनी नगरहून निळी चकाकती कुंडी आणली. सुरूचं पाणी तोडलं. ताण बसल्याशिवाय झाड जोमानं फुटत नाही हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. माती भुकटी झाल्यावर एका गार सकाळी ते पोतं अंथरून बसले. सुरूची ती हिरवी, दोऱ्यासारखी पानं त्यांनी हातानं ओरबाडली, पानगळ म्हणून. शेंड्याला चार काड्या राहिल्या. मग झाड कुंडीतून उपसलं, पाइप लावून मुळांची माती धुतली, आणि त्यांच्या हातातून पाइप गळून पडला.

मुळांना गाठी होत्या. एक नाही, दोन नाही, झुबकेच्या झुबके. तपकिरी, खडबडीत, जागोजागी चिकटलेल्या.

ज्यानं डाळिंब लावलंय त्याला मुळावरची गाठ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारा किडा मुळात शिरतो, मुळं गाठाळतात, आणि भरली बाग उभ्या उभ्या पिवळी पडून जाते. आबांची पहिली बाग अशीच गेली होती, ट्रॅक्टर लावून त्यांनी ती स्वतःच्या हातानं उपटली होती. आता ते थिजून त्या मुळांकडं बघत राहिले. मग मान वळवून बागेकडं बघितलं. कुंड्यांचं वाहून जाणारं पाणी पहिल्या ओळीच्या आळ्यात जात होतं, नऊ वर्षं. ते पोत्यावर मटकन बसले.

पण आबा बसून राहणारे नव्हेत. त्यांनी कात्री घेतली आणि एकूण एक गाठ छाटली. गाठींबरोबर मुळंही गेली, निम्म्याहून जास्त. उरलेली औषधाच्या पाण्यात बुडवली. जुनी माती, कापलेली मुळं, सगळं उसाच्या पाचटावर टाकून पेटवून दिलं. मग ताजी माती, शेणखत, वर सुपर फॉस्फेटची मूठ, आणि निळ्या कुंडीत सुरू उभा केला. नुसता खराटा दिसत होता. मग धावत बागेत जाऊन पहिल्या ओळीची मुळं उकरली. ती स्वच्छ, पांढरी निघाली. आबांना इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. त्यांनी त्याच भरात राजूरला फोन लावला.

“तुज्या सुरूची कुंडी बदलली,” ते म्हणाले. “रोग हुता मुळाला. समदा काढला. बाग वाचली, झाड बी वाचलं.”

पंकजानं आधी एकच विचारलं.

“कधी बदलली, आबा?”

“आत्ताच. आजच.”

“मी येतच होते,” पंकजा म्हणाली. “उद्या येते.”

आबांनी फोन ठेवला आणि अंगण झाडून काढलं. ती येणार होती, याहून जास्त त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छोटा टेम्पो आला. पुढं कल्याण आणि पंकजा. पंकजा उतरली ती आबांच्या पाया न पडता तडक कुंड्यांकडं गेली. आबा मागून, नवऱ्या मुलाच्या बापाच्या थाटात. ती सुरूपुढं थांबली. हातातली पिशवी तिनं सोडून दिली, ती कलंडून त्यातले राजूरचे आवळे अंगणभर झाले. कुणी उचलले नाहीत.

“पानं?” तिनं विचारलं.

“पानगळ केली.”

“पाणी?”

“ताण दिल्ता. आता सोडलंय पानी.”

“आणि रोग कुठला म्हणालात?”

“गाठी हुत्या मुळाला. ह्या एवढ्याल्या. सूत्रकृमी.” आबांनी जपून ठेवलेला एक झुबका खिशातून काढला, कागदात गुंडाळलेला, पुरावा म्हणून. तिनं तो तळहातावर घेतला, एक गाठ नखानं ढकलली. ती मुळावरून अलगद सुटून आली आणि खालची मुळी साफ, सरळ निघाली.

“भुईमुगाच्या गाठी कशा निघतात, आबा?” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

किड्याची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती नखानं सुटत नाही. भुईमुगाची, हरभऱ्याची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते, ती सुटते. तिच्यात झाडाचं खत तयार होतं. गावोगावच्या पोरांना हे नखानं करून दाखवणारे आबाच होते. ‘गाठ दिसली म्हणून घाबरू नका, आदी नख लावा,’ असं सांगणारे आबाच. आणि काल त्यांनी नख लावलं नव्हतं. कारण ते झाड भुईमूग नव्हतं, ते सुनेचं होतं, पाहुणं होतं, त्याच्यात रोगच असणार असं त्यांच्या मनानं आधीच ठरवलेलं होतं.

“सुरूला ह्याच गाठी जगवतात,” पंकजा म्हणाली. “म्हणून त्याची जुनी माती सगळी कधी झाडायची नसते, थोडी नव्या मातीत मिसळायची. मुळं कापली तर तिसरा हिस्सा, त्याच्यावर नाही. आणि थंडीत हात लावायचा नसतो आबा, ही झाडं थंडीत मुळं धरत नाहीत. उन्हाळा लागून नवी पालवी पळायला लागली की मग. ताण तर एक दिवसाचा सोसत नाही त्याला. मी चैत्रात बदलणार होते.” ती थांबली. “जुनी माती कुठंय?”

“जाळली,” आबा म्हणाले.

आबांना वाटलं होतं ती रडेल किंवा भांडेल. ती नुसती उभी राहिली, आणि ते त्यांना सोसेना, म्हणून त्यांनी मान फिरवली. तेव्हा त्यांना टेम्पोचा हौदा दिसला. हौद्यात रिकामे क्रेट होते. टोमॅटोचे, एकात एक घातलेले, आणि तळाला भाताचा पेंढा अंथरलेला. माल आणायला पेंढा लागत नाही. जपून न्यायच्या वस्तूला लागतो.

“हे कशाला रं?” त्यांनी कल्याणला विचारलं.

कल्याणनं चपलेनं माती उकरली. “शिर्डीत खोली घेतलीय, आबा. मागं मोकळी जागा हाय, कुंड्या ठेवायला. आमी सांगनारच हुतो तुमाला. आज.”

“दोघं?”

“दोघं. मग काय मी तिकडं अन् ती हिकडं, असं किती दिस काढायचं?”

तर ती येतच होती, ती यासाठी. आबांना फोनवरचं ते वाक्य आता पूर्ण ऐकू आलं. त्यांना एकदम थंडी वाजली, भर दुपारी. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, रागवायला तरी पाहिजे होतं, पण रागवायला लागणारा हक्क कालच पाचटावर जळून गेला होता. ते आवळे वेचायला लागले. एवढा मोठा माणूस वाकून एकेक आवळा पिशवीत टाकतोय, हे कल्याणला बघवेना. तो गुपचूप कुंड्या क्रेटमध्ये भरायला लागला.

बॉटलब्रश गेला, निलगिरी गेली, सिल्व्हर ओक गेला. कल्याण सुरूच्या कुंडीला हात घालणार तोच पंकजा म्हणाली, “तो नको.”

“का?”

“हिसका बसला तर उरलेली मुळंही सुटतील. फूट दिसेपर्यंत तो गाडीत घालता यायचा नाही. आणि त्याच्यापाशी कुणीतरी पाहिजे.” तिनं आपली बॅग हौद्यातून खाली काढली. मग आबांकडं बघून म्हणाली, “तुमच्यासाठी नाही थांबले, आबा. झाडासाठी थांबले.”

“कळलं,” आबा म्हणाले.

टेम्पो गेला. त्या संध्याकाळी तिनं सुपर फॉस्फेट, ते खत त्याच्या मुळांना सोसत नाही म्हणून, वरच्या मातीसकट खरवडून काढलं, कुंडी अलगद सावलीला, वाऱ्याच्या आडोशाला घेतली, परातीत दोन बोटं पाणी घालून तिच्यात ठेवली. “चार-दोन दिवस अशीच राहू दे. बुडातून ओल लागली पाहिजे, वरून चिखल नको,” ती म्हणाली. आबांनी विचारलं, गाठींचं काय? ती म्हणाली, जुन्या सुरूखालची ओंजळभर माती मिळाली तर त्यातून पुन्हा धरतील कदाचित. दुसऱ्या दिवशी आबा उठले ते मोटारसायकल काढून राशीनच्या पुढं, कालव्याच्या बंगल्यापाशी जुने सुरू आहेत तिथं गेले आणि पोतंभर माती घेऊन आले.

“ओंजळभर म्हटलं होतं,” पंकजा म्हणाली.

“उरंल ती ऱ्हाऊ दी.”

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तेवढंच.

त्यानंतर दिवस असे गेले की आबांना ते आयुष्यभर पुरतील. सकाळी तिचा चहा, हातावर गोळी, मग दोघांनी जाऊन सुरू बघायचा. ती खोडावर नखानं बारीक ओरखडा काढायची, खाली हिरवं दिसलं की म्हणायची, “आहे.” आबा तिच्या मागं उभे असायचे, आणि ‘आहे’ ऐकलं की मोकळा श्वास सोडायचे. ती सांगायची, पाणी कसं फवारायचं, ऊन कधी दाखवायचं, ते ऐकायचे. पन्नास वर्षं सांगत आलेला माणूस ऐकायला शिकला, आणि त्याला ते आवडलंही. एकदा परातीतलं पाणी बदलता बदलता ते, तिच्याकडं न बघता, म्हणाले, “काकासायबाला दिलं ते तुला न इचारता दिलं. चुकलं माजं. लई चुकलं.”

“हो,” पंकजा म्हणाली. मग म्हणाली, “पाणी सांडतंय, आबा.”

पण एक गोष्ट आबा तिला सांगू शकत नव्हते. झाड जगावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, देवाला नारळही बोलून झाला होता. आणि झाड फुटलं की ती जाणार होती. रोज सकाळी सुरूजवळ जाताना त्यांना दोन्ही गोष्टींची धास्ती वाटायची, आणि कुठली जास्त, हे बघायला ते धजत नव्हते.

शिवरात्र झाली, ऊन चटकायला लागलं. डाळिंबावर लाल कळी दिसायला लागली होती. त्या सकाळी पंकजा आत भाकरी थापत होती, म्हणून आबा एकटेच सुरूपाशी गेले. आणि त्यांना दिसलं. खोडाच्या वळणावर, भेगेतून, एक हिरवं टोक बाहेर आलं होतं. तिळापेक्षा जरासं मोठं. त्याच्या वर आणखी एक, ते नुसतं फुगलेलं.

खाली वाकून त्यांनी ते जवळून बघितलं, आणि मग त्यांनी स्वतःचा हात बघितला. अंगठा आणि बोट त्या टोकाला दोन्ही बाजूंनी भिडले होते. डाळिंबाचे नको असलेले फुटवे पन्नास वर्षं खुडणारी ती चिमटी होती, तिला विचार करावा लागत नाही. एवढं एक टोक, कुणाला कळलंही नसतं. अजून काही फुटलं नाही, असं म्हटलं असतं, आणि चैत्रापर्यंत चहा मिळाला असता.

आबांनी हात मागं ओढला, चटका बसावा तसा. तो हात त्यांनी काखेत दाबून धरला. एवढं आयुष्य गेलं, पण स्वतःची इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती. काल-परवापर्यंत त्यांना वाटत होतं, आपण अजाणता चुकलो. हे अजाणता नव्हतं. ते तसेच उभे राहिले, आणि आत तव्यावर भाकरी फुगल्याचा वास आला.

“पंकजा,” त्यांनी हाक मारली. “पंकजा, बाहीर ये. फुटलंय.”

ती पिठाच्या हातांनी धावत आली. गुडघ्यांवर बसून तिनं बघितलं, आणि पिठाचा हात तोंडावर गेला. मग हसली. दिवाळीपासून पहिल्यांदा.

“म्या आत्ता ते मोडनार हुतो,” आबा म्हणाले. “बोटं लावली हुती. तू जाशील म्हनून.”

पंकजाचं हसू जागच्या जागी थांबलं. ती सासऱ्याकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येईपर्यंत दोघं तशीच होती.

“फोन लाव कल्यानला,” आबा म्हणाले. “गाडी घिऊन ये म्हनावं. पेंढा म्या बघतो.”

तिनं हात पदराला पुसले, फोन लावला आणि कल्याणला सांगितलं, फुटला, पुढच्या सुट्टीला गाडी घेऊन या, गाडी हळू चालवणारा बघा. फोन ठेवून ती भाकरीकडं जायला वळली आणि दारात थांबली.

“दोन वर्षांनी परत कुंडी बदलावी लागेल याची,” ती म्हणाली. “चैत्रात करायची. तेव्हा आधीपासून येऊन राहा शिर्डीला, आबा. मला एकटीला उचलायची नाही ती.”

आबांनी मान हलवली.

“पण कात्री मी धरणार,” पंकजा म्हणाली, आणि आत गेली.